पासंग

मोटरसायकल आमच्या घरी आली तेव्हा तिच्यावर एकच माणूस बसू शकत होता. आधीचा मालक विरारचा एक तरुण. आखाती देशात नोकरी लागली म्हणून त्याने ती विकायला काढली होती, पण त्याआधी तिच्यावर भरपूर मेहनत घेतली होती. लांब सीट कापून बुटकी केली होती, मागच्या टोकाला चोचीसारखी वर उचललेली. मागचं मडगार्ड सीटखालीच संपत होतं, त्यामुळे चाक उघडं दिसे. शॉकप आखूड टाकले होते, म्हणून गाडी उभी असतानाही उंदरावर टपलेल्या मांजरासारखी मागून दबलेली वाटे. पावसाळ्यात या रचनेचा परिणाम असा होई की, चिखलाची एक सरळ रेघ चालवणाऱ्याच्या पाठीवर कॉलरपर्यंत उठे. आमच्या कॉलेजात अशी रेघ असलेला शर्ट बदलायची घाई कोणी करत नसे. मलाही ती रेघ हवी होती.

वडिलांनी गाडी घ्यायला हरकत घेतली नाही, फक्त एक अट घातली. अंगणात गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "ठेव. पण आक्काला हिच्यावर बसता आलं पाहिजे."

आक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण, माझी यमुनाआत्या. तिच्यासाठी ही अट अवघड होती, कारण तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. वाडीतल्या विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली, हाडात सळई घालावी लागली आणि त्यानंतर तो पाय कायमचा सरळ राहिला. घरात ती काठी घेऊन फिरे. बाकी वेळ ओट्यावरच्या बाकड्यावर, उजवा पाय उलट्या बादलीवर ठेवून बसलेली असे. खाली बसता येत नाही म्हणून वडिलांनी विळी बाकड्यालाच ठोकून दिली होती. त्या विळीवर ती केळफूल चिरी, अळू चिरी, सुरण कापी. समोरच्या मांडवावर राजेळी केळी सोलून सुकत घातलेली असत. सुकेळी तयार होईपर्यंत कावळे हाकलण्याचं काम तिचं होतं. त्यासाठी लांब कळकाची काठी हाताशी असे. कावळे तिला ओळखत होते. ती झोपली की येत.

सांडोरच्या आमच्या घराकडे यायला दोन केळीच्या वाड्यांमधून एक पाणंद होती. दोन्ही बाजूंना हारे, म्हणजे मोठ्या टोपल्या, बांधलेली सायकल जेमतेम जाईल इतकीच रुंद. रिक्षा पाणंदीच्या तोंडाशी थांबे. घराचे आवाज ठरलेले होते. उजाडण्याआधी विहिरीवरच्या मोटारीची घरघर, मग पाटातून पाणी खळखळत केळीच्या आळ्यांत जाण्याचा आवाज, मग चर्चची घंटा, मग आईच्या तव्यावर आंबोळीचं पीठ पडल्याचा चर्र आवाज. या सगळ्याखाली कायम एक बारीक गुणगुण असे. ती आत्याची. गाण्याचे शब्द ऐकू येत नसत. विचारलं की ती म्हणे, "काय न्हाय, मान हलवत होते."

ती पूर्वी लग्नघरी गाणी सांगायची. 'सांगायची' हाच शब्द आमच्याकडे होता. हळदीच्या दिवशी एक बाई ओळ सांगते आणि बाकीच्या बायका ती उचलतात. ओळी ठरलेल्या असतात आणि नसतातही. दोन्ही घरची नावं, नवऱ्याची खोड, वरमाईचा तोरा, रुसलेला मामा, हे सगळं त्या जागी बसून गुंफावं लागतं. यमुनाआत्याला ते येत असे. तिचं सासर अर्नाळ्याचं, समुद्राकडच्या वाडीतलं, शेजार कोळ्यांचा. गाणी तिने तिथेच सासूकडून उचलली आणि बोलणंही तिथलंच उचललं. तिच्या तोंडात 'ण' उरला नव्हता. नवरा लवकर गेला आणि ती भावाकडे परत आली. विधवा असल्यामुळे हळदीला तिचा हात लागत नसे. ती मांडवाच्या खांबापाशी बसे आणि तिथून गाई. मोबदला म्हणून ती फक्त एक नारळ घेई. कोणी पाकीट पुढे केलं, तर ती ते यजमानाच्या मुलाच्या खिशात कोंबून निघे. भुईगावपासून आगाशीपर्यंत हे सर्वांना ठाऊक होतं.

पाय गेल्यावर हे थांबलं. रिक्षात बसवण्याचा प्रयत्न एकदा झाला. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यातून कळ उठत होती. उतरल्यावर ती गाऊ शकली नाही. नंतर एका घरातून तिच्यासाठी टेम्पो आला. भाजीचा टेम्पो, आत गादी टाकलेली. माणसं विनम्र होती, हेतू चांगला होता. आत्याने बाकड्यावरूनच पाणंदीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी काय दुधी भोपळा हाय? परत ने." टेम्पो परत गेला. त्या लग्नात कॅसेट लावली गेली. पुढच्या लग्नातही. कॅसेटमध्ये नवरदेवाच्या मामाचं नाव नसतं, ही गोष्ट बायकांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, पण आली. त्याच बायका आत्याला भेटायला येत, कॅसेटची नक्कल करत, तिला हसवत. त्या गेल्या की ती केळ्यांच्या मांडवाकडे तोंड करून बसे आणि कावळे नसतानाही काठी हलवी.

वडिलांची अट या पार्श्वभूमीवर होती. ती पाळायची म्हणजे विरारच्या तरुणाने केलेलं सगळं उलटं करायचं. मी काही दिवस टाळाटाळ केली. मग एका सकाळी आईने आंबोळीचं ताट पुढे ठेवत विचारलं की, गाडी देवघरात ठेवायची आहे का. त्याच दिवशी मी ती पास्कूकडे नेली.

पास्कू नाक्यावर वेल्डिंग करायचा. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, कबरींवरचे लोखंडी क्रूस, नांगराचे फाळ, जे येईल ते. आवाज मोठा, मत त्याहून मोठं. त्याने गाडी पाहिली, चाकावर थाप मारली आणि म्हणाला, "हिचं ढुंगण कोणी कापलं?" मग आत्यासाठी करायची आहे हे कळल्यावर हातातलं काम खाली ठेवलं. त्याच्या लग्नात आत्या गायली नव्हती; तो ख्रिस्ती, त्यांच्याकडची गाणी वेगळी. पण त्याच्या आईच्या आणि आत्याच्या गाण्यांची एकदा रस्त्यावरच जुंपली होती, आणि ती ऐकायला अर्धं गाव जमलं होतं. ती गोष्ट त्याने मला दोनदा सांगितली.

मडगार्डपासून सुरुवात झाली. भंगारातून त्याच जातीच्या गाडीचं पूर्ण लांबीचं मडगार्ड मिळालं. ते नुसतं बसवून भागणार नव्हतं, कारण आत्याच्या पायासाठी डाव्या बाजूला फळी हवी होती आणि तिचा मागचा आधार मडगार्डच्या पट्ट्यांवर येणार होता. बायका आडव्या बसतात, तोंड डावीकडे करून. तसं बसल्यावर आत्याचा धड पाय खाली राहिला असता आणि उजवा, न वाकणारा, पुढच्या दिशेने तिरका गेला असता. म्हणून फळी लांब हवी, चालवणाऱ्याच्या डाव्या पायाच्या बाहेरून पुढे जाणारी. पास्कूने मडगार्डखाली दुहेरी पट्टी मारली, चेसिसला दोन कान जोडले आणि फळीच्या टोकाला टाच अडकेल असा वळलेला काठ दिला. त्याचं म्हणणं होतं की हे मडगार्ड आता गाडीपेक्षा जास्त टिकेल. ते खरं ठरलं. गाडी भंगारात गेल्यावर ते आमच्या गोठ्याच्या दाराला बिजागरीची पट्टी म्हणून काही काळ होतं.

शॉकपबाबत वाद झाला. पास्कूने रिक्षाच्या स्प्रिंगा घालून पाहिल्या. त्या इतक्या कडक निघाल्या की रिकामी गाडी प्रत्येक गचक्याला बकरीसारखी उडे. मी त्याला रिक्षातल्या कळांची आठवण करून दिली. मग त्याने मूळ लांबीचे जुने शॉकप आणले, त्यांचं तेल बदललं आणि स्प्रिंगा सर्वांत मऊ खाचेवर लावल्या. हाताने दाबलं की गाडी खाली जाई आणि घाई न करता वर येई. पास्कू तिच्यावर बसून वर-खाली होत राहिला आणि आपल्या वयाच्या माणसाला हे शोभत नाही, असं स्वतःच म्हणाला.

सीटचं काम मात्र घरी झालं. वसई स्टेशनजवळच्या गादीवाल्याने फोम दिला, पण उंची आणि उतार आत्याने ठरवला. गाडी ओट्याला लावून उभी करायची, लाकडी पाटावर फोमचे तुकडे रचायचे, आत्या ओट्यावरून सरळ त्यावर सरकणार, बसणार आणि सांगणार. पुढचा काठ उतरता कर, मागे हाताला धरायला दे, इथे टोचतं. आई सुई-दोऱ्याने खूण घाली. खाली काथ्याचा थर आला, कारण नुसता फोम लवकर बसतो हे आत्याला बाकड्याच्या उशीवरून माहीत होतं. वर तपकिरी रेक्झिन. मागे कमरेला टेकायला पास्कूने वाकवलेली नळी आणि तिच्यावर त्याच रेक्झिनची पट्टी. सगळं झाल्यावर कॉलेजातल्या एका मित्राने गाडीभोवती फिरून विचारलं, "गाडी आहे की बाळंतिणीची खाट?" मी हसलो नाही. त्याचं वर्णन अचूक होतं.

आता चाचणी. इथे आमच्या घराने एक चूक केली, आणि ती बागायतदाराच्या घरानेच करावी अशी होती. आत्याला थेट बसवून धोका पत्करायचा नाही, हे सर्वांना मान्य होतं. वडिलांनी आत्याच्या वजनाचा अंदाज घेतला आणि तेवढी केळी काढली. आमच्याकडे माल कायम दोन्ही बाजूंना सारखा बांधतात. सायकलवर दोन हारे, कावडीला दोन टोकं. हात आपोआप तसे चालतात. वडिलांनी अर्धे घड सीटच्या डावीकडे बांधले, अर्धे उजवीकडे. मी भुईगावच्या समुद्रापर्यंत गेलो आणि परत आलो. मुद्दाम खड्ड्यांतून गेलो. घड सोडून पाहिले, तर एकाही केळ्याला डाग नव्हता. वडिलांनी दोन-तीन केळी सोलूनही पाहिली. केळ्याला लागलं नाही तर आक्काला लागणार नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो कोणाला चुकीचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नऊवारी नेसून, डोक्याला पदर घट्ट खोचून ओट्यावरून सीटवर सरकली. उजवा पाय फळीवर, टाच काठात. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गियर टाकला आणि गाडी डावीकडे निघाली. मी उजवीकडे झुकलो, हँडल उजवीकडे धरलं, पण मऊ शॉकपवर ते वजन झुलू लागलं आणि प्रत्येक झोक्याला गाडी आणखी डावीकडे ओढली जाऊ लागली. पाणंदीच्या तोंडापर्यंतही पोचलो नाही. आम्ही केळीच्या पाटात गेलो. वेग काहीच नव्हता, पाटात चिखल मऊ होता आणि नुकतंच पाणी सोडलेलं होतं. आत्या पाण्यात बसली होती, पाय सरळ पुढे, जणू ओट्यावरच आहे. वडील, आई, शेजारच्या दोन बायका धावत आल्या. कोणी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "आंघोळ झाली. आता मला उठवा."

वडिलांना चूक तिथेच कळली. ते म्हणाले की आपण केळी बसवून पाहिली, बाई बसवून पाहिली नाही. केळी दोन बाजूंना होती. बाई आणि तिचे दोन्ही पाय एकाच बाजूला. ते गाडीला दोष देऊ लागले, मग पास्कूला, मग दुसरी फळी उजवीकडे लावण्याचा विचार करू लागले. आत्या ओल्या लुगड्यात ओट्यावर बसून ऐकत होती. आमच्या वाडीतल्या तराजूचं एक पारडं थोडं हलकं होतं, म्हणून त्याला एक लहान दगड कायमचा बांधलेला असे. त्याला पासंग म्हणतात. ती त्या तराजूकडे बोट करून म्हणाली, "उजवीकडं पासंग बांध. एवढंच काम हाय."

पासंग म्हणून केळीचा एक मोठा घड उजव्या बाजूला बांधला. पास्कूने त्यासाठी मडगार्डच्या पट्टीला आकडा जोडला. आत्या पुन्हा बसली. गाडी सरळ चालली. पाणंद संपली, रस्ता आला, मऊ शॉकपवरून आम्ही खड्डे असे ओलांडले की मागून काही आवाज येतोय का हे पाहायला मी मान वळवली. येत होता. ती गुणगुणत होती आणि या वेळी शब्द ऐकू येत होते.

पहिलं लग्न भुईगावला. आम्ही मांडवाशी पोचलो तेव्हा माणसं आधी गाडीकडे पाहू लागली, मग तिच्याकडे, मग उजवीकडच्या घडाकडे. आत्या उतरल्यावर गाडी उजवीकडे कलंडू नये म्हणून घड सोडावा लागला, परत न्यायचा तर पुन्हा बांधायचा व्याप होता, शिवाय लग्नघरात आणलेली वस्तू परत नेणं बरं दिसत नाही. आत्या म्हणाली, "द्या आत. लगनाला केळी लागतात." ती खांबापाशी खुर्चीवर बसली, पाय दुसऱ्या खुर्चीवर. पहिली ओळ तिने फार वरच्या पट्टीत घेतली. आवाज मध्येच फुटला. बायका थांबल्या. तिने घोटभर पाणी घेतलं, ओळ खाली उतरवली आणि पुन्हा सांगितली. तिसऱ्या ओळीला नवऱ्याच्या काकाचं नाव आलं. तो काका जेवणाच्या पंक्तीत आपल्या पोटावरून ओळखला जाई. सगळा मांडव हसला आणि काकाने स्वतः उठून नमस्कार केला. त्यानंतर दुपार होईपर्यंत ती थांबली नाही. मी पुढे आयुष्यभर सभा, निवडणुका, सत्कार यांच्या बातम्या लिहिल्या. गर्दी एखाद्या आवाजाकडे झुकते तो क्षण मला लिहून काढता येतो. तो ओळखायला मी त्या मांडवात शिकलो.

परत निघताना अडचण आली. घड तिथेच राहिला होता आणि उजवीकडे वजन हवं होतं. मी यजमानांना बाजूला घेऊन काहीतरी जड द्या म्हणालो. त्यांनी आनंदाने नारळांचं पोतं बांधून दिलं. पुढच्या लग्नात आम्ही घड दिला आणि परतताना दुधी आले. त्यानंतर कुठे कोहळे, कुठे तांदूळ. आमच्या घरात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पासंग तो पासंग. पण बाहेरून पाहणाऱ्याला वेगळं दिसत होतं. गाणारी बाई घड देते आणि जाताना पोतं घेऊन जाते. हे कळायला आम्हाला उशीर झाला आणि कळलं तेही अर्नाळ्याहून.

आत्याच्या धाकट्या दिराच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. नवरा गेल्यापासून सासरहून तिला कधी बोलावणं आलं नव्हतं. या वेळी आलं, कारण मुलाने हट्ट धरला होता. पण त्याच आठवड्यात मासळी विकायला येणारी एक बाई ओट्यापाशी टोपली टेकवून बसली आणि तिने अर्नाळ्यात काय बोललं जातंय ते सांगितलं. बोलणारी आत्याची मोठी जाऊ, गंगाबाई. शब्द असे होते: "फुकट गाते म्हनं. पन जाताना गाडी भरून नेते."

आत्याने सुकटीचा वाटा घेतला, बाईला चहा दिला. ती गेल्यावर बराच वेळ विळी चालली नाही. वडील म्हणाले, जाऊ नकोस. आई म्हणाली, जा, पण परतताना आपण आपलंच पोतं घरून नेऊ. आत्याने दोन्ही नाकारलं. घरून पोतं नेलं तर ते परत आणताना लोक पाहतीलच, मग त्यांच्या डोळ्यांना काय उत्तर देणार. आणि गेलंच नाही तर गंगाबाईचं म्हणणं खरं ठरतं. नारळाशिवाय काही घेतलं नाही, हीच तिची आयुष्यभराची कमाई होती आणि ती एका रिकाम्या आकड्यापायी जाणार होती. ती मला म्हणाली, "तू गाडी पूस. घड चांगला बघून बांध."

अर्नाळ्याच्या मांडवात समुद्राचा आवाज येत होता आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. गंगाबाई दारात उभी होती, अंगाने किडकिडीत, सगळ्या मांडवावर नजर असलेली. तिने घड उतरवून घेतला, आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. शिष्टाचारात काही कमी नव्हतं. आत्या गायली. मी तिला पूर्वी आणि नंतर अनेकदा ऐकलं, पण त्या दिवसासारखं नाही. सासूकडून शिकलेल्या ओळी तिने सासूच्याच घरात सांगितल्या. सासूचं नाव, दिरांची नावं, आपल्या गेलेल्या नवऱ्याचंही नाव तिने सर्वांच्या बरोबरीने ओळीत घेतलं, कुठेही आवाज न कापता. आणि गंगाबाईच्या माशाच्या कालवणाची अशी स्तुती केली की बायकांनी ती ओळ तीनदा उचलली. गंगाबाई हसली नाही, पण पदराने तोंड पुसलं.

हळद उतरल्यावर गंगाबाईने दोन मुलांकडून तांदळाचं पोतं मांडवाच्या मधोमध आणवलं. सगळे पाहत होते. तिने ते तसं मुद्दामच आणवलं होतं. "घे यमुने," ती म्हणाली, "तुझी गाडी रिकामी जायला नको."

आत्या खांबाला धरून उठली. "तांदूळ नको," ती म्हणाली. "दगड दे."

मांडवात कुजबुज झाली. गंगाबाईने विचारलं, कसला दगड.

"कसलापन. जड पायजे. तुझ्या दारात पडलेला चालंल. नारळ तेवढा एक दे, तो माझा हक्काचा."

मग ती काठी टेकत मांडवाबाहेर गाडीपाशी गेली आणि अख्खं लग्न तिच्या मागे बाहेर आलं. ओट्याची उंची नव्हती म्हणून दोन बायकांनी तिला आधार दिला. ती बसली, पाय फळीवर ठेवला आणि मला म्हणाली, "दिनू, सोड जरा." मी पाय सैल केले. गाडी डावीकडे कलली आणि मला दोन्ही पाय रोवून ती सावरावी लागली. सगळ्यांनी पाहिलं. एक म्हातारा कोळी पुढे आला, उजवीकडचा रिकामा आकडा त्याने हाताने चाचपला, डावीकडच्या बाईकडे पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "अरे, हे नीरम. रिकामी होडी उलटू नये म्हनून आपन दगड टाकतो ना तळाशी, तेच." हे अर्नाळ्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथलं प्रत्येक पोर नीरमाच्या दगडांवर बसून मोठं होतं. कुजबुज थांबली. बायकांपैकी एकीने गंगाबाईकडे पाहिलं, मग दुसरीने, मग पुष्कळ जणींनी.

म्हातारा किनाऱ्यावर ओढलेल्या आपल्या होडीकडे गेला आणि एक दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आला. लाटांनी घासलेला काळा दगड, एका बाजूला कालवांच्या पांढऱ्या शिंपा चिकटलेल्या. मी तो गोणपाटात बांधून आकड्याला अडकवू लागलो. तेवढ्यात गंगाबाई म्हणाली, "थांब."

ती आत गेली आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. लग्नघरातून निघणाऱ्या बाईला हळदीकुंकू लावतात. आत्याला ते लावता येत नव्हतं, रिवाज तसा होता. गंगाबाई ताट घेऊन क्षणभर तिच्यासमोर उभी राहिली. मग गाडीला वळसा घालून उजवीकडे आली, गोणपाट बाजूला केलं आणि दगडाला हळद लावली, कुंकू लावलं. आत्याच्या ओटीत नारळ ठेवला. आत्याने नारळ हातात तोलून पाहिला आणि म्हणाली, "पानी चांगलं हाय यात."

आम्ही निघालो. त्या गाडीवर मी पुष्कळ फिरलो, तिचे आधीचे दिवसही मला आवडत होते. पण ती त्या दुपारी जशी चालली तशी कधी चालली नाही. दगड नेमका होता. हँडलला मी फक्त बोटं लावली होती. सुरूच्या बनापाशी आत्याने माझ्या खांद्यावरचा हात काढला. मी घाबरून काय झालं म्हणून विचारलं. काही झालं नव्हतं. तिला पदर नीट करायचा होता आणि त्यासाठी दोन्ही हात हवे होते.

नंतरच्या काळात मला एका लग्नात एका वयस्कर गृहस्थाने सांगितलं होतं की, गाणी सांगणाऱ्या बाईने घड आणावा आणि तिला हळद लावलेला दगड द्यावा, ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. त्यामागे धरित्रीपूजेचा अर्थ आहे. मी वार्ताहर होतो, चुकीची माहिती दुरुस्त करणं माझं कामच होतं. मी ती दुरुस्त केली नाही.

अर्नाळ्याहून आल्यानंतर काही दिवसांनी भुईगावचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आमच्याकडे आले. आईने त्यांना चहा आणि सुकेळी दिली. आत्या बाकड्यावर केळफूल चिरत होती. त्यांनी अक्षता दिल्या, हळदीचा दिवस सांगितला, मांडव कुठे घालणार ते सांगितलं. मग चप्पल घालता घालता, यजमानाने पाहुण्यांची सोय सांगावी तशा सुरात म्हणाले, "यमुनाबाई, काळजी करू नका. दगड निवडून ठेवलाय."